आठ कॉप्यांचा ताव

दुबईच्या करामातल्या दुकानाची किल्ली आता तुझ्याकडे आली आहे, तेव्हा मामाचं पहिलं सांगणं ऐक. गिऱ्हाइकाला "पासपोर्ट फोटो काढायचा ना?" असं कधी विचारू नकोस. "कुठल्या देशाचा आणि कुठल्या कामाचा?" असं विचार. तिकडे गावाकडे स्टुडिओत पासपोर्ट साइज म्हटलं की पस्तीस बाय पंचेचाळीस, विषय संपला. इथं एकाच रांगेत बायकोचा रेसिडन्स व्हिसा करणारा केरळी बाबा, शेंगेनला निघालेलं पुण्याचं जोडपं, कॅनडाच्या पीआरच्या मागे लागलेली मनिलाची नर्स आणि पोराचं एमिरेट्स आयडी करायला आलेले लाहोरचे भाईजान उभे असतात. सगळेच "पासपोर्ट साइज"च म्हणतात. माप मात्र एकच नसतं.

मापं काउंटरच्या काचेखाली छापून ठेव. शेंगेन आणि इंग्लंड ३५ बाय ४५ मिलिमीटर. इथल्या व्हिसाच्या कागदांना टायपिंग सेंटरवाले, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारे, मागतात ते ४३ बाय ५५. अमेरिका दोन बाय दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटरचा चौकोन. कॅनडा ५० बाय ७०, आणि त्याच्या मागे स्टुडिओचं नाव, पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख. हा शिक्का विसरलास की नर्सबाई दुसऱ्या दिवशी परत येणार. चीनचं ३३ बाय ४८, तेही ठेव. इथून चीनला माल आणायला जाणारे व्यापारी कमी नाहीत.

आता तू म्हणशील, मापं दिली की कॉम्प्युटर काय ते बघून घेईल. घेईल, पण आधी गणित तू एकदा हातानं कर, म्हणजे मशीन चुकलं तर तुला दिसेल. मिलिमीटरला २५.४ ने भाग आणि ३०० ने गुण, की पिक्सेल मिळतात. ३५ चे ४१३ आणि ४५ चे ५३१. आपला फोर बाय सिक्सचा कागद आडवा धरला तर १८०० बाय १२००. आडव्या ओळीत चार बसतात, उभ्यात दोन, म्हणजे आठ कॉप्या. मध्ये दोन मिलिमीटरची, म्हणजे २४ पिक्सेलची, फट सोडलीस तरी सगळं मिळून १७२४ बाय १०८६ होतं. चारी बाजूंना समास उरतो. हा ताव आपलं रोजचं पोट भरतो.

४३ बाय ५५ चं गणित मात्र फसवं आहे. त्याचे ५०८ बाय ६५० पिक्सेल. नेहमीसारखे उभे लावत गेलास तर आडव्यात तीन बसतात आणि उंचीत दुसरी ओळ जातच नाही. सगळे मिळून तीन. तेच फोटो आडवे पाडलेस तर दोन-दोन करून चार बसतात आणि कापायला ऐसपैस जागा राहते. मशीनला फोटो फिरवायची अक्कल आपणहून येत नाही, ती तूच घालायची. मी कित्येक स्टुडिओंत तीन कॉप्यांचा ताव बघितला आहे आणि उरलेला निम्म्याहून जास्त कागद कचऱ्यात जाताना बघितला आहे.

दोन बाय दोनचं तर आणखी गमतीचं. कागद सहा इंच बाय चार इंच, फोटो दोन इंच. बरोब्बर सहा बसतात आणि माणूस खूश होतो. पण तसूभरही जागा शिल्लक नाही, आणि प्रिंटर बिनसमासाचा फोटो छापताना कडा खातोच. कडेचे फोटो एका बाजूनं मिलिमीटरभर कमी निघणार. अमेरिकेच्या व्हिसाला असला फोटो देऊ नये. फोर बाय सिक्सवर फटीसकट दोनच लाव. कुणाला सहा हवे असतील तर पाच बाय सातचा कागद घे, त्यावर फट ठेवून सहा आरामात बसतात.

कडांचा विषय निघालाच आहे तर प्रिंटरचंही सांगतो. "बॉर्डरलेस" निवडलं की बहुतेक प्रिंटर चित्र किंचित फुगवतात, म्हणजे कडेला पांढरी रेघ राहू नये. त्या फुगवण्यात तुझा ३५ चा फोटो ३६ चा होतो. "फिट टू पेज"ची खूण राहिली असेल तर आणखी वेगळंच माप. म्हणून नवा प्रिंटर, नवा कागद किंवा विंडोज नव्यानं टाकलं, काहीही झालं की आधी कोऱ्या तावावर बरोब्बर १०० मिलिमीटरची रेघ काढून छाप आणि स्टीलच्या पट्टीनं मोज. रेघ १०२ भरली तर सगळी मापं दोन टक्क्यांनी खोटी. स्क्रीनवर कितीही बरोबर दिसू दे, गिऱ्हाईक स्क्रीन घेऊन जात नाही.

तसं हे एका तावात अनेक कॉप्या काढणं काही कॉम्प्युटरनं आणलेलं नाही. पोलरॉइडचा मिनीपोर्ट्रेट कॅमेरा होता, त्याला पुढे चार भिंगं. बटण एकदा दाबायचं, फिल्म ओढायची, की एकाच कागदावर चार सारखे फोटो. पोलरॉइडनं २००८ मध्ये ती फिल्म बंद केली, मग लोक फूजीच्या एफपी-१००सी वर गेले, तीही २०१६ मध्ये बंद झाली. त्या कॅमेऱ्यात चेहरा चुकला की चारही चुकायचे आणि फिल्मचे पैसे आपल्या खिशातून जायचे. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस नीट बघायची सवय लागली. ती सवय तुझ्या पिढीला लागलेली नाही, कारण डिलीटला पैसे पडत नाहीत.

हे सगळं सांगतो आहे ते एका गोष्टीसाठी. गणित, फटी, कापायच्या रेघा, नावं, सेव्ह करणं हे सगळं मशीनला देऊन टाक. त्यात तुझा वेळ घालवू नकोस. चेहरा मशीनला देऊ नकोस. म्हणून फोटोशॉपमध्ये एक ॲक्शन करू नकोस, दोन कर.

ॲक्शन ही फोटोशॉपमध्ये १९९६ पासून, चौथ्या आवृत्तीपासून आहे, आणि अजूनही निम्मे स्टुडिओवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला हातानं आठ वेळा कॉपी-पेस्ट करतात. ऑल्ट आणि एफ-नाइन दाबलंस की पॅनेल उघडतं. रेकॉर्ड दाबायचं, एकदा सगळं करून दाखवायचं, स्टॉप दाबायचं. पुढच्या वेळी तेच सगळं आपोआप. आता पहिली ॲक्शन चेहऱ्याची. तिच्यात रंग एसआरजीबीत आणायचे, मग क्रॉपला माप आणि ३०० रिझोल्युशन देऊन क्रॉप करायचा. पण ॲक्शनच्या यादीत क्रॉपच्या पायरीच्या डाव्या बाजूला छोटा चौकोन असतो, तो चालू कर. मग ॲक्शन तिथं थांबते, चौकट तुझ्या हातात देते, तू हनुवटी आणि माथा बघून ती बसवतोस, एंटर मारतोस आणि ती पुढे जाते. हा थांबा काढून टाकायचा मोह गर्दीत होतो. काढायचा नाही. शेंगेनला चेहरा हनुवटीपासून माथ्यापर्यंत फोटोच्या ७० ते ८० टक्के लागतो, म्हणजे ४५ पैकी साधारण ३२ ते ३६ मिलिमीटर. अमेरिकेला ५१ पैकी २५ ते ३५. कुणाचा माथा कुठं संपतो आणि केसांचा फुगा कुठं सुरू होतो हे ॲक्शनला कळत नाही.

दुसरी ॲक्शन तावाची, आणि ती कुठंही थांबायची नाही. इथं बरेच जण "डिफाइन पॅटर्न" करून नवा कागद त्या पॅटर्ननं भरतात. हातानं केलं तर झकास, ॲक्शनमध्ये मात्र धोका. भरायची पायरी रेकॉर्ड होताना तो पॅटर्न ठरावीक नावानं लक्षात ठेवते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या तावावर आधीच्या गिऱ्हाइकाचा चेहरा येऊ शकतो. मी सांगतो ती रीत कर, तिच्यात नावांचा संबंधच नाही.

क्रॉप झालेला ४१३ बाय ५३१ चा फोटो घे. कॅनव्हास साइजनं चारी बाजूंनी एक पिक्सेल वाढव, रंग फिका करडा. मग पुन्हा चारी बाजूंनी अकरा पिक्सेल, रंग पांढरा. करडी रेघ का, तर इथं सगळ्यांना पांढरी पार्श्वभूमी लागते आणि कागदही पांढरा. रेघ नसेल तर कापणाऱ्याला फोटो कुठं संपतो तेच दिसत नाही. रेघ फोटोच्या बाहेर आहे, म्हणून कापताना ती निघून जाते. आता तुकडा झाला ४३७ बाय ५५५. लेयरची नक्कल कर, कॅनव्हास डावीकडे धरून रुंदी २०० टक्के कर, नक्कल ४३७ पिक्सेल उजवीकडे सरकव, फ्लॅटन कर. एकाचे दोन झाले. पुन्हा तेच, या वेळी ८७४ नं सरकव, दोनाचे चार. मग उंची २०० टक्के, ५५५ नं खाली, चाराचे आठ. शेवटी कॅनव्हास १८०० बाय १२००, मधोमध धरून, आणि ताव तयार. रेकॉर्ड करण्याआधी रूलर पिक्सेलवर आणून ठेव आणि सरकवायचं अंतर फ्री ट्रान्सफॉर्मच्या पट्टीत आकड्यानं भर, माऊसनं ओढू नकोस. त्या पट्टीतला छोटा त्रिकोण दाबलेला असू दे, म्हणजे अंतर आहे त्या जागेपासून मोजलं जातं.

सेव्हच्या पायरीला जपून. रेकॉर्ड करताना "सेव्ह ॲज"मध्ये फाइलचं नाव हातानं टाइप केलंस की तेच नाव कायमचं ठरतं, आणि दिवसभरातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा ताव त्याच एका फाइलवर लिहिला जातो. संध्याकाळी फोल्डर उघडशील तर शेवटचा माणूस तेवढा शिल्लक. नाव न बदलता फक्त फोल्डर बदल. मग मूळ फाइलचं नाव तसंच पुढे जातं.

दोन ॲक्शन का, हे तुला कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदपत्रांची कामं करणारा माणूस, तीस-चाळीस कामगारांना घेऊन दारात उभा राहिला की कळेल. आधी सगळ्यांचे फोटो काढ, मग बसून एकेकाचा चेहरा पहिल्या ॲक्शननं नीट लाव आणि एका फोल्डरात जमा कर. त्यानंतर "ऑटोमेट" मध्ये "बॅच" उघड, दुसरी ॲक्शन त्या फोल्डरवर सोड आणि चहा घे. २०२४ मध्ये सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत इथं व्हिसाची माफी होती, मुदत संपून राहिलेले लोक कागदपत्रं करायला बाहेर पडले, तेव्हा या दोन ॲक्शननी आपल्याला तारलं. एकच लांबलचक ॲक्शन असती तर प्रत्येक चेहऱ्यापाशी थांबत शेवटचा ताव होईपर्यंत मशीनसमोरच बसावं लागलं असतं.

मिश्र तावही एक बनवून ठेव. बायकोचा इथला व्हिसा आणि युरोपची सहल एकदमच करणारे बरेच असतात. फोर बाय सिक्सवर चार कॉप्या ३५ बाय ४५ च्या आणि शेजारी ४३ बाय ५५ च्या दोन आडव्या, हे नीट बसतं. यासाठी स्मार्ट ऑब्जेक्टचा साचा बरा: एकाच स्मार्ट ऑब्जेक्टच्या साध्या नकला केल्या की एकाचा मजकूर बदलल्यावर सगळे बदलतात. दोन मापांचे दोन स्मार्ट ऑब्जेक्ट, प्रत्येकाच्या नकला. ज्याला फोटोशॉपचं भाडं परवडत नाही त्यानं गिंपमध्ये स्क्रिप्ट लिहावी, किंवा इमेजमॅजिकमधला मोंताज शिकावा. तो एका ओळीच्या हुकमात चार बाय दोनचा ताव लावून देतो. दोन्ही फुकट आहेत.

आता चेहऱ्याकडे. इथं ज्या फोटोंना जास्त वेळ लागतो ते आपल्या लोकांचे नसतात, कंदुरा घातलेल्या अरबांचे असतात. पांढरा पायघोळ कंदुरा, डोक्यावर पांढरा घुत्रा, मागे पांढरा पडदा. पार्श्वभूमी आपोआप काढणारं कुठलंही बटण दाबलंस की ते घुत्र्याची कड खाऊन टाकतं आणि माणसाचं डोकं अर्धवट दिसायला लागतं. उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, दिव्यात आहे. माणूस पडद्यापासून चांगला पुढे बसव, पडद्यावर वेगळे दिवे टाक, आणि माणसावरचा उजेड इतका ठेव की घुत्र्याच्या घड्या दिसत राहतील. मग पार्श्वभूमी काढायची गरजच पडत नाही. काळा अबाया आणि शेला घातलेल्या बाईचं उलट होतं. कॅमेरा काळं बघून उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो, तेव्हा एक्स्पोजर स्वतः धर. बाईच्या शेल्याला किंवा कुणाच्या हिजाबला हात लावायचा नाही आणि कुणाला लावू द्यायचा नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा दिसायला हवा इतकंच नम्रपणे सांगायचं. चष्म्याचं एवढं लक्षात ठेव की अमेरिकेनं नोव्हेंबर २०१६ पासून व्हिसा-पासपोर्टच्या फोटोत तो बंद केला आहे.

आपल्या भारतीय गिऱ्हाइकांचं अलीकडे बदललं आहे. इथल्या भारतीय कॉन्सुलेटच्या अर्जाला दोन बाय दोनचा चौकोनी फोटो द्यायची सवय सगळ्यांच्या हातात बसली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून पासपोर्टच्या अर्जाला आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, नियमांत बसणाराच फोटो लागतो: ६३० बाय ८१० पिक्सेल, पांढरी पार्श्वभूमी, चेहरा फोटोच्या ८० ते ८५ टक्के. आता नीट बघ. ६३० ला ८१० हे प्रमाण म्हणजे तंतोतंत ३५ ला ४५. म्हणून एखादा शहाणा शेंगेनचाच क्रॉप ६३० ला मोठा करून पाठवतो. तो नाकारला जाऊ शकतो, कारण आकार तोच असला तरी भारताला चेहरा शेंगेनपेक्षा मोठा लागतो. शिवाय ४१३ चे ६३० केले की पोत पुसट होतो. भारतासाठी पहिली ॲक्शन वेगळी ठेव, ६३० बाय ८१० ला आधी क्रॉप कर, सॉफ्ट कॉपी तिथंच सेव्ह कर आणि कागदावर हवा असेल तर त्यातून लहान कर. लहानातून मोठा कधीच नाही.

रिटचिंगचं सगळ्यांशी भांडण होणार, त्याची तयारी ठेव. गोरं करून द्या, डोळ्याखालचं काळं काढा, तीळ पुसा, हे आपलेच लोक जास्त मागतात. कपड्यावरचा धुळीचा ठिपका पुसावा, फ्लॅशमुळे आलेली तेलकट चमक थोडी कमी करावी. बाकी नाही. आता तर एआयचं बटण आहे, एका क्लिकला कोट चढवतं, केस विंचरतं आणि न सांगता जबडाही बारीक करतं. विमानतळावरचं मशीन चेहऱ्याची मोजमापं जुळवतं, आणि ती जुळली नाहीत तर त्या माणसाला बाजूला उभं करतात, आपल्याला नाही. लग्नाच्या बायोडेटाला हवा तसा फोटो करून दे, त्याचे वेगळे पैसे घे. ओळखपत्राला नाही.

सॉफ्ट कॉपी व्हॉट्सॲपवर मागतात. साधा फोटो म्हणून पाठवलास की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि टायपिंग सेंटरवाला परत पाठवतो. "डॉक्युमेंट" म्हणून पाठव. अमेरिकेच्या व्हिसा अर्जाला फाइल २४० केबीच्या आत आणि ६०० ते १२०० पिक्सेलचा चौकोन लागतो, त्यासाठी सेव्हची वेगळी पायरी ठेव, म्हणजे दर वेळी क्वालिटीचा काटा सरकवत बसायला नको. फाइलला माणसाचं नाव किंवा पासपोर्टचा नंबर देऊ नकोस, पावतीचा नंबर दे. आणि महिनाभरात कुणी कॉपी मागायला आलं नाही तर फोटो पुसून टाक. या देशात वैयक्तिक माहिती जपण्याचा २०२१ चा ४५ क्रमांकाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी शेकडो परक्या माणसांचे चेहरे आणि पासपोर्टच्या झेरॉक्स आपल्या कॉम्प्युटरवर कशाला हव्यात? झेरॉक्स तर घेऊच नकोस.

ॲक्शनना एफ-टू, एफ-थ्री अशा कळा देऊन टाक आणि कुठली कळ कुठल्या देशाची हे कीबोर्डच्या वर चिकटव, म्हणजे तू जेवायला गेलास तर हाताखालचा पोरगा अडणार नाही. कॉम्प्युटर इथल्या उन्हाळ्यात एसी बंद पडला की कधीही राम म्हणतो. ॲक्शनचा सगळा सेट ".एटीएन" फाइल म्हणून पेनड्राइव्हवर काढ, आणि एक प्रत आजच मला चिपळूणला मेल कर.